पडद्यावर आहेत, सभागृहात नाहीत

विद्यापीठात अपंगत्वावरचा चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा त्याची तयारी बहुतेक वेळा एकाच क्रमाने होते. आधी चित्रपट ठरतात, मग वक्ते, मग सभागृहाची तारीख. पत्रिका छापून होते, पोस्टर सगळ्या ग्रुपवर फिरतं. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं काय झालं? मग धावाधाव सुरू होते. मिळतो तो दुभाषी एकटाच असतो, त्याने चित्रपट आधी पाहिलेला नसतो आणि दिवे मालवले की तो कुणाला दिसतही नाही. पहिल्या रांगेत आणून बसवलेले कर्णबधिर विद्यार्थी दीड तास पडद्यावर हलणारे ओठ पाहत राहतात. चित्रपट असतो कर्णबधिर माणसाबद्दलचाच.

आयोजक बेपर्वा असतात म्हणून हे घडतं, असं नाही. बरेचदा ते मनापासून राबत असतात. चूक कामाच्या क्रमात आहे. म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. ज्या चित्रपटाला कॅप्शन (संवाद आणि इतर आवाज पडद्यावर लिहून दाखवणारा मजकूर) आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन (अंध प्रेक्षकांसाठी दृश्याचं बोलून केलेलं वर्णन) नाही, तो अपंगत्वावरच्या कार्यक्रमात निवडू नये. निवडायचाच असेल तर ती दोन्ही तयार करण्याचा वेळ आणि पैसा निवडीच्याच बैठकीत मंजूर व्हावा. प्रदर्शनाचं आणि नाट्यप्रयोगाचंही तसंच. सोय नंतर बघू, असं ज्या बैठकीत ठरतं, तिथेच कार्यक्रमाचा प्रेक्षकही ठरून जातो.

शब्दाबद्दल एक खुलासा. इथे 'अपंग' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. 'दिव्यांग' ज्यांना आपला वाटतो त्यांनी तो जरूर वापरावा. पण शरीराला दिव्यत्व बहाल केलं की पायरीबद्दल बोलणं अवघड होऊन बसतं, आणि हा लेख पायरीबद्दलच आहे.

1976 मध्ये ब्रिटनमधल्या 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन' या अपंगांच्या संघटनेने एक साधी पण जबरदस्त मांडणी केली: शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. अपंगत्व त्या उणिवेवर समाज लादतो. अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी 1983 मध्ये या विचाराला 'सोशल मॉडेल' असं नाव दिलं आणि अपंगत्व अभ्यास या विद्याशाखेचा तो पाया झाला. पुढे जेनी मॉरिस, टॉम शेक्सपिअर अशा अपंग अभ्यासकांनीच त्यावर टीका केली. रॅम्प बांधला म्हणून वेदना थांबत नाहीत, थकवा उतरत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्याकडे मी पुन्हा येईन. पण या दोन्ही बाजू ज्या व्यासपीठावरून शिकवल्या जातात त्या व्यासपीठाला चार पायऱ्या असतील आणि व्हीलचेअरवरच्या वक्त्याला खालूनच बोलावं लागत असेल, तर विद्यार्थी त्या तासाला व्याख्यानापेक्षा पायऱ्यांकडूनच जास्त शिकतात.

कॅप्शनमुळे चित्रपटाची चौकट बिघडते, हा आक्षेप चित्रपटाच्या जाणकारांकडून हमखास येतो. त्याला इतिहासच उत्तर देतो. मूकपटांच्या काळात कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या शेजारी बसून तोच चित्रपट त्याच वेळी पाहत होता, कारण संवाद पडद्यावर लिहून येत. 1927 नंतर बोलपट आले आणि काही वर्षांतच तो प्रेक्षक थिएटरबाहेर गेला. त्याच्या कानांत काहीच बदल झाला नव्हता, बदललं होतं तंत्र. एमर्सन रोमेरो हा मूकपटांत काम केलेला कर्णबधिर नट. त्याने 1947 मध्ये बोलपटांच्या रिळांत मजकुराच्या पट्ट्या मधेमधे जोडून ते पुन्हा कर्णबधिरांना दाखवायला सुरुवात केली. म्हणजे पडद्यावरचा मजकूर चित्रपटकलेत आधीपासून होता, मधल्या काळात तो काढून घेतला गेला. चौकट बिघडण्याची भाषा करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

विद्यापीठांचाही यात हात आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये, गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात शिकवत असताना, अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे, ती हातवाऱ्यांची बोली नसून पूर्ण भाषा आहे, हे भाषाशास्त्राच्या पद्धतीने दाखवलं. त्याआधी कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या 1880 च्या मिलान परिषदेपासून शाळांमधून सांकेतिक भाषा हुसकावल्या जात होत्या. ऑडिओ डिस्क्रिप्शनची पद्धतशीर मांडणी ग्रेगरी फ्रेझर यांनी 1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पदव्युत्तर प्रबंधात केली. ज्याला आज आपण कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात 'इतर खर्च' या रकान्यात टाकतो, ते कधीकाळी प्रबंधाचा विषय होतं. ते आजही प्रबंधाचा विषय व्हायला हवं. का, ते एक प्रसंग जवळून पाहिला की कळेल.

समजा, पडद्यावर एक स्त्री खिडकीशी आहे. हातात उघडलेलं पत्र. ती पत्र घडी करते, पुन्हा उघडते, मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देते. ती व्हीलचेअरवर बसलेली आहे. दोन संवादांच्या मध्ये चार सेकंदांची जागा आहे. चार सेकंदांत मराठीत सावकाश बोललं तर आठ-नऊ शब्द मावतात. काय सांगायचं? 'ती पत्र वाचून अस्वस्थ होते' हे सोपं, पण अस्वस्थता हा वर्णन करणाऱ्याचा निष्कर्ष झाला. डोळस प्रेक्षकाला तो कुणी हातात दिलेला नाही. 'पत्र घडी करते, पुन्हा उघडते, कट्ट्यावर ठेवते' यात ऐकणाऱ्याला स्वतः अर्थ लावायला जागा राहते. आणि व्हीलचेअर? ती सांगायची का, कधी सांगायची, की नंतर ती चाकं वळवते तेव्हा आपोआप कळू द्यायचं? पहिल्याच वाक्यात 'व्हीलचेअरवरची एक स्त्री' म्हटलं तर पुढचा अख्खा चित्रपट ऐकणारा तिला त्या खुर्चीसकट ऐकतो. मुळीच सांगितलं नाही तर डोळस प्रेक्षकाला जे दिसतं ते अंध प्रेक्षकापासून लपवलं जातं. बाजूला उभ्या असलेल्या, चालता येणाऱ्या पुरुषाच्या शरीराबद्दल मात्र कुणी एक शब्द खर्चत नाही. कुठलं शरीर सांगावं लागतं आणि कुठलं न सांगता गृहीत धरलं जातं, हा अपंगत्व अभ्यासाचा गाभ्यातला प्रश्न आहे आणि तो इथे चार सेकंदांत, आठ शब्दांत सोडवावा लागतो. एका सत्रात विद्यार्थ्यांच्या गटाला दहा मिनिटांच्या लघुपटाचं वर्णन लिहायला द्यावं, लिहिलेलं अंध प्रेक्षकांना ऐकवावं आणि त्यांनी 'हे कळलं नाही', 'हे नको होतं' म्हणाल्यावर पुन्हा लिहायला लावावं. सिद्धान्ताचे चार निबंध वाचूनही जे डोक्यात उतरत नाही ते या एका कामात उतरतं.

मात्र विद्यार्थ्यांचा सराव प्रेक्षकांच्या माथी मारू नये. महोत्सवात वाजणारं वर्णन अनुभवी लेखकाने लिहिलेलं आणि अंध तपासनिसाने ऐकून पास केलेलं हवं, त्या तपासनिसाला मानधन हवं. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं वर्णन लिहायला, तपासायला, ध्वनिमुद्रित करायला आणि मूळ ध्वनीशी जुळवायला कित्येक दिवस जातात. शेवटच्या आठवड्यात ते होत नाही, कितीही इच्छा असली तरी.

कॅप्शनचं काम त्या मानाने सोपं समजलं जातं आणि म्हणूनच जास्त बिघडतं. परभाषेतल्या संवादाचा अनुवाद म्हणजे सबटायटल. कॅप्शनमध्ये त्याशिवाय कोण बोलतं आहे, पडद्याबाहेरून कोणता आवाज आला, संगीत कुठे थांबलं, हेही असतं. सबटायटल आहेत म्हणून चित्रपट कर्णबधिरांसाठी तयार आहे, असं समजून निवड समित्या नेहमी फसतात. चित्रपटात दोन भाषा असल्या की गंमत नाही, गोंधळ होतो: परक्या भाषेतले संवाद लिहून येतात आणि प्रेक्षकाच्या भाषेतले येत नाहीत, म्हणजे कर्णबधिर प्रेक्षकाला अर्धंच संभाषण मिळतं. लिहिताना एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात, ओळ चाळीसेक अक्षरांच्या आत असावी. मजकूर एका सेकंदापेक्षा कमी आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ राहू नये. ओळ तोडायची ती अर्थाच्या सांध्यावर. 'मी तिला कधीच' एका ओळीत आणि 'विसरणार नाही' दुसऱ्या ओळीत चालतं, पण 'नाही' एकटं पुढच्या कॅप्शनमध्ये गेलं तर वाक्याचा अर्थच क्षणभर उलटा होतो.

यंत्राने आपोआप केलेली कॅप्शनं वापरून वेळ वाचवावी, असं आता सर्रास सुचवलं जातं. पहिला कच्चा खर्डा म्हणून ठीक आहे. पण ही यंत्रं ज्या आवाजांवर शिकलेली असतात त्यांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाचा, तोतरेपणा असलेल्या माणसाचा किंवा बोलणाऱ्या कर्णबधिर माणसाचा आवाज फार थोडा असतो. परिणाम असा की अपंगत्वावरच्या माहितीपटात डॉक्टरांचं बोलणं स्वच्छ उमटतं आणि ज्याच्याबद्दल माहितीपट आहे त्याचं बोलणं निरर्थक शब्दांचा ढीग बनून येतं, किंवा 'अस्पष्ट' म्हणून सोडून दिलं जातं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत, शेकडो लोकांसमोर. माणसाने तो भाग पुन्हा पुन्हा ऐकून, शक्य असेल तर बोलणाऱ्यालाच विचारून लिहिल्याशिवाय याला इलाज नाही.

सगळं तयार असूनही सभागृहात ते चालत नाही, हा पुढचा टप्पा. थिएटरसाठीच्या डिजिटल प्रतीत, म्हणजे डीसीपीमध्ये, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा ध्वनी साधारणपणे सातव्या ध्वनी-वाहिनीवर (ऑडिओ चॅनल) आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन आठव्या वाहिनीवर असतं. सांकेतिक भाषेच्या व्हिडिओसाठी पंधरावी वाहिनी ठेवलेली असते. विद्यापीठाच्या सभागृहात बहुधा लॅपटॉपवरून फाइल चालवतात आणि त्या फाइलमध्ये या वाहिन्या आलेल्याच नसतात. म्हणून वितरकाशी पहिल्या पत्रव्यवहारातच तीन गोष्टी मागून घ्याव्यात: कॅप्शनची स्वतंत्र फाइल, वर्णनाचा स्वतंत्र ध्वनी आणि कॅप्शन पडद्यावर सगळ्यांना दिसतील अशा रीतीने दाखवण्याची लेखी परवानगी. तयार नसेल तर आम्ही करून घेऊ का, हेही त्याच पत्रात विचारावं. 2013 चा माराकेश करार अंध वाचकांसाठी छापील मजकुराच्या सुगम प्रती करायला हक्कांच्या कायद्यातून वाट देतो, पण चित्रपट त्यात येत नाहीत. म्हणून हक्कधारकाची परवानगी आधीच मागावी, ती यायला आठवडे लागतात.

कॅप्शन सगळ्यांना दिसणारीच हवीत. चष्म्यावर किंवा हातातल्या छोट्या पडद्यावर दिसणारी कॅप्शनं थिएटरांना आवडतात, कारण बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. पण ते उपकरण मागायला वेगळ्या खिडकीपाशी जावं लागतं, ते चार्ज नसतं, नजर सतत जवळ-लांब करून डोकं दुखतं. 2022 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला 'कोडा' थिएटरमध्ये उघड्या कॅप्शनसह दाखवला गेला होता. प्रेक्षक उठून गेले नाहीत.

आता सपाट जमिनीच्या हॉलची गोष्ट. विद्यापीठांत असे हॉल भरपूर असतात, खुर्च्या हलवता येतात म्हणून ते सोयीचे वाटतात. पडदा खाली लावलेला असतो आणि कॅप्शन पडद्याच्या तळाशी. तिसऱ्या रांगेपासून मागे पुढच्यांच्या डोक्यांशिवाय काही दिसत नाही. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान दीड मीटरवर घ्यावी, नाहीतर कॅप्शन वरच्या बाजूला हलवावीत. व्हीलचेअरसाठीच्या जागा एकदम पुढे कोपऱ्यात किंवा एकदम मागे दाराशी ठेवू नयेत. वेगवेगळ्या रांगांच्या टोकांच्या खुर्च्या काढून तिथे द्याव्यात, शेजारी सोबत आलेल्याची खुर्ची असावी. मैत्रिणीसोबत आलेल्या माणसाला तिच्यापासून आठ रांगा लांब बसवणं ही सोय नव्हे. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नको: 60 सेंटीमीटर उंच मंचाला 7.2 मीटर लांब रॅम्प लागतो. कार्यक्रमाच्या सकाळी आणलेली दोन मीटरची फळी हा रॅम्प नाही, तो अपघात आहे.

अंधारात दुभाष्यावर स्वतंत्र, मंद, पडद्यावर न सांडणारा प्रकाश हवा, आणि त्याच्यामागे साधा गडद पडदा. तासाभराहून लांब सत्राला दुभाषी दोन हवेत, दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलणारे. एकट्याचं काम त्यानंतर घसरत जातं, हात थकतात त्याआधी डोकं थकतं. भाषणाच्या प्रती, नावांची यादी आणि चित्रपटाची लिंक त्यांना आठवडाभर आधी मिळावी. शिवाय सांकेतिक भाषा जगभर एक नाही. एका देशातल्या कर्णबधिरांचा चित्रपट दुसऱ्या देशात दाखवताना त्यातल्या सांकेतिक संवादांनाही कॅप्शन लागतात, हे विसरलं जातं.

चित्रपटानंतरची चर्चा हा खरं तर विद्यापीठाच्या कार्यक्रमाचा प्राण. तिथे एक वाक्य ठरलेलं असतं: "माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको." ज्या क्षणी हे वाक्य उच्चारलं जातं त्या क्षणी लूपमधून, म्हणजे माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रापर्यंत पोचवणाऱ्या सभागृहातल्या तारेतून, श्रवणयंत्रातल्या टी-कॉइल या वेटोळ्यावर येणारा आवाज बंद होतो, थेट कॅप्शन टंकणाऱ्याला ऐकू येईनासं होतं, आणि ऑनलाइन जोडलेल्यांसाठी सभागृह मुकं होतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण वेळ वाचवला. सूत्रसंचालकाने इथे भीड ठेवू नये. माइक हातात आल्याशिवाय कुणीही बोलायचं नाही आणि बोलण्याआधी नाव सांगायचं, म्हणजे अंध श्रोत्याला कोण बोलतंय ते कळतं. दुभाषी आणि कॅप्शन मूळ बोलण्याच्या काही सेकंद मागे असतात. प्रश्न संपताच जो हात वर करतो त्यालाच संधी दिली तर कर्णबधिर प्रेक्षकाचा हात नेहमी उशिरा वर येणार. मनात दहापर्यंत मोजावं. आणि टंकून किंवा उपकरणावर बोलणाऱ्या पाहुण्याला प्रश्न दोन दिवस आधी पाठवावेत, म्हणजे तो सविस्तर उत्तर देऊ शकेल. मंचावर त्याला टंकावं लागलं तर सभागृहाने शांत बसून वाट पाहावी, मधेच त्याचं वाक्य पूर्ण करून देऊ नये.

मधल्या सुटीचं गणित कुणी करत नाही. सुटी पंधरा मिनिटांची, व्हीलचेअरवरचे प्रेक्षक सहा, वापरता येईल असं स्वच्छतागृह एक. प्रत्येकाला आठ मिनिटं धरली तरी अठ्ठेचाळीस मिनिटं होतात. त्यातच ते स्वच्छतागृह बादल्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरलेलं असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. अनेक अपंग प्रेक्षक अशा दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दोन चित्रपट कमी करावेत, सुटी पन्नास मिनिटांची करावी, आदल्या दिवशी ती किल्ली स्वतः फिरवून पाहावी.

झगमगत्या प्रकाशाची सूचनाही पत्रिकेत हवी. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना धोक्याचा असतो. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर सुमारे 685 मुलांना रुग्णालयात नेलं गेलं. कला विभागातल्या व्हिडिओ मांडण्यांमध्ये असा प्रकाश मुद्दाम वापरलेला असतो. तो कोणत्या मिनिटाला, किती वेळ आहे, हे आधी लिहून द्यावं. स्वमग्न प्रेक्षकांसाठी एखादा खेळ असा ठेवावा की ज्यात दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज थोडा खाली असतो, उठून फिरता येतं, बाहेर जाऊन परत येता येतं, आणि जवळच एक शांत खोली असते. अशा खेळाला लहान मुलं असलेले पालकही येतात.

चित्रपट कोणते निवडायचे, यावर खूप लिहिलं गेलं आहे. मी एकच उदाहरण घेतो. हॅरॉल्ड रसेल यांचे दोन्ही हात लष्करी सेवेत असताना गेले. 1946 च्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये त्यांनी युद्धावरून परतलेल्या नौसैनिकाची भूमिका केली. ऑस्कर समारंभात त्यांना इतर माजी सैनिकांना आशा आणि धैर्य दिल्याबद्दल एक विशेष सन्मान देण्यात आला, कारण अभिनयाचं पारितोषिक त्यांना मिळणार नाही असं धरून चाललं होतं. त्याच रात्री सहायक अभिनेत्याचं पारितोषिकही त्यांनाच मिळालं. प्रेरणेसाठी एक आणि कामासाठी एक. निवड समित्यांनी या दोन ऑस्कर बाहुल्या शेजारी ठेवून विचार करावा: आपण हा चित्रपट कोणत्या पारितोषिकासाठी निवडतो आहोत? ऑस्ट्रेलियाच्या अपंग पत्रकार स्टेला यंग यांनी 2012 मध्ये 'इन्स्पिरेशन पॉर्न' हा कडक शब्द वापरला तो याचसाठी: धडधाकट माणसाला आपलं आयुष्य बरं वाटावं म्हणून अपंग माणसाचं साधं जगणं पराक्रम म्हणून दाखवणं. 3 डिसेंबरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग दिनाच्या, आसपास भरणाऱ्या कार्यक्रमांत असे चित्रपट फार असतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारनाम्याच्या 30 व्या कलमात चित्रपट, नाटक सुगम स्वरूपात मिळण्याचा हक्क आहेच. त्याबरोबर अपंगांना आपली सर्जनशक्ती वापरता यावी, ती केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणून, असंही म्हटलं आहे. प्रेक्षक आणि कलावंत, दोन्ही नात्यांनी. प्रेरणास्थान म्हणून नाही.

कलावंत म्हणून बोलवायचं तर पैसे द्यावे लागतात. अपंग कलावंताला व्यासपीठ मिळतंय हेच मानधन समजायची सवय जायला हवी. मदतनिसाचा प्रवास, मुक्काम आणि त्याचा रोज हा कलावंताच्या मानधनातून कापायचा खर्च नव्हे. आणि पैसे कसे द्यायचे हेही विचारावं लागतं. पॉल लॉन्गमोर या पोलिओ झालेल्या इतिहासकाराने ऑक्टोबर 1988 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या सरकारी इमारतीसमोर स्वतः लिहिलेलं पुस्तक जाळलं. दहा वर्षांचं काम होतं ते. पुस्तकाचं मानधन घेतलं तर श्वसनयंत्र आणि मदतनिसांचा खर्च भागवणारं सरकारी साहाय्य थांबलं असतं, असा तेव्हाचा नियम होता. त्या आंदोलनानंतर नियमात दुरुस्ती झाली. मानधनाचा एक धनादेश एखाद्याचं वर्षभराचं साहाय्य बंद पाडू शकतो, हे लेखा विभागाला माहीत नसतं. कलावंताला आधी विचारलं तर तो सांगतो.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. दोन दुभाषी, थेट कॅप्शन, ऑडिओ डिस्क्रिप्शन, मदतनीस हे सगळं मिळून छोट्या विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रक खाऊन टाकू शकतं. म्हणूनच हा खर्च विभागाच्या माथ्यावर नसावा, विद्यापीठाच्या मध्यवर्ती निधीतून व्हावा. विभागावर टाकला की ज्या विभागाला काळजी आहे तोच गरीब होतो आणि ज्याला नाही त्याचे पैसे वाचतात. आणि निधी कमीच असेल तर दहा चित्रपटांऐवजी चार दाखवावेत. चार चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला महोत्सव मला दहा चित्रपटांच्या महोत्सवापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा आक्षेप असा की एवढं करूनही कुणी येत नाही. पहिल्या वर्षी खरंच येत नाहीत. ज्या इमारतीतून आपण वर्षानुवर्षं परत गेलो तिथे एका पोस्टरवर विश्वास ठेवून कोण येईल? त्यात ते पोस्टर म्हणजे एक चित्र असतं. अंध माणसाच्या फोनवरचं वाचक सॉफ्टवेअर त्यातली अक्षरं नीट वाचेलच असं नाही. तारीख, वेळ, रॅम्प कोणत्या दाराला आहे, कॅप्शन कोणत्या खेळाला आहेत, सोयीसाठी कुणाला फोन करायचा, हे चित्राबरोबर साध्या मजकुरात पाठवावं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'काही विशेष गरज?' एवढंच विचारलं की लोक रिकामं सोडतात. 'दुभाषी आहेत, लूप आहे, शांत खोली आहे, याशिवाय काय हवं?' असं विचारलं की लोक लिहितात. तिसऱ्या वर्षी सभागृह भरतं, पण पहिल्या दोन वर्षांत दुभाष्यांना रिकाम्या रांगेसमोर उभं करायची तयारी हवी.

ज्यांना वेदना आणि थकव्यामुळे घरातून निघणंच शक्य नसतं, त्यांच्याबद्दल. 2020 मध्ये सगळी विद्यापीठं काही आठवड्यांत ऑनलाइन गेली. अपंग विद्यार्थी जे वर्षानुवर्षं मागत होते आणि तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणून नाकारलं जात होतं, तेच शक्य झालं. नंतर वर्ग उघडले आणि बहुतेक ठिकाणी ती वाट पुन्हा बंद झाली. चर्चेचं थेट प्रक्षेपण आणि मर्यादित दिवसांसाठी चित्रपटाची ऑनलाइन लिंक, ही परवानगी वितरकाकडे त्याच पहिल्या पत्रात मागता येते.

एक काम महोत्सव संपल्यावरचं, आणि ते जवळपास कुणीच करत नाही. एवढ्या कष्टाने केलेली कॅप्शनं आणि वर्णनं आयोजकाच्या लॅपटॉपवर राहतात. पुढच्या वर्षी दुसरं विद्यापीठ तोच चित्रपट निवडतं आणि तेच काम पहिल्यापासून करतं. हक्कधारकाच्या परवानगीने या फाइली विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात आणि एक प्रत दिग्दर्शकाला परत जावी, म्हणजे चित्रपट पुढे जाईल तिथे त्या सोबत जातील. वर्णन लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव फाइलमध्ये असावं. आणि चित्रपटाच्या कोणत्या आवृत्तीसाठी, सेकंदाला किती फ्रेमसाठी ती बनवली, हे फाइलच्या नावातच लिहावं. 24 फ्रेमच्या प्रतीसाठी केलेली कॅप्शनं 25 च्या प्रतीवर लावली तर सुरुवातीला फरक जाणवतही नाही. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात शेवटाकडे ती साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडलेली असतात, आणि शेवटचा संवाद पडद्यावर उमटायच्या आधीच चित्रपट संपलेला असतो.